तेरावी पट्टी

राळेगाव
दि. २० जानेवारी २०२६

चि. सौ. अर्पिता हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली माझ्या हाताखाली शिवण करणाऱ्या दीपमालाकडून कळते. यवतमाळला अस्तर-दोरे आणायला गेली की ती तुझ्या ग्रंथालयात डोकावून येते आणि मला सगळं सांगते, मी विचारलं नाही तरी.

फोन हातात असताना आई पत्र काय लिहिते, म्हणशील. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. त्यात माझी तक्रार नाही. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही आणि बाजूला कोणी बसलं असेल तर त्याला ऐकू जात नाही. वाटलं तर वाच. नाही तर तिथल्या एखाद्या जाड पुस्तकात घालून ठेव, कोणी उघडणार नाही.

घरची हकीकत अशी. कापसाची तिसरी वेचणी सुरू आहे. तुरीच्या बांधाकडच्या दोन ओळी रानडुकरांनी लोळवल्या. कपिली व्यायली, कालवड झाली. बाबांचा गुडघा थंडीत धरतो, पण दवाखान्यात चला म्हटलं की त्यांना नेमकं शेतातलं काम आठवतं. मोठेबाबा पंचाहत्तरीला आले, तरी बाबांचे थोरले भाऊ म्हणून घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असतो. पहिलाही त्यांचाच. मधले शब्द आम्ही बोलतो, ते कोणी ऐकत नाही.

आता कामाचं. सोबतच्या पिशवीत जे आहे ते भिंतीवर कॅलेंडर अडकवायचं आहे. दीपमाला सांगत होती, तुझ्या खोलीत कॅलेंडर सेलोटेपने चिकटवलंय आणि त्याचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्याने फडफडतो. मला ते बरं वाटलं नाही. बाईच्या घरी कॅलेंडर नीट लटकलेलं असावं.

पाठीला पडद्याचं जाड कापड आहे. वर नेफा शिवलाय, त्यातून वेताची काडी ओवायची आणि दोरीने खिळ्याला टांगायचं. कॅलेंडरचा वरचा पत्रा दोन बंदांत अडकतो, म्हणजे पानं उलटायला मोकळी. आणि कॅलेंडरच्या वर जी चौकोनी जागा आहे तिथे दर महिन्याला एक भरतकामाचा तुकडा लावायचा. चार कोपऱ्यांना चार टिचबटणं आहेत. महिना संपला की काढायचा, दुसरा लावायचा. काढलेले तुकडे ठेवायला पाठीमागे खिसा आहे. दोन पाठवते आहे. माघासाठी बोरीची फांदी काढली, फाल्गुनासाठी पळस. पळसाला केशरी दोरा इथे मिळेना, दीपमालाने तीन दुकानं पालथी घातली. बाकीचे होतील तसे पाठवीन. असेच दोन संच करते आहे, एक तुझ्या भिंतीला, एक आपल्या.

पहिला तुकडा फुकट गेला. मांजरपाट आधी भिजवून घ्यायला हवा होता, तो घेतला नाही. भरून झाल्यावर धुतला तर बोटभर आटला, आणि वरची बटणं खालच्या बटणांसमोर येईनात. तीस वर्षं शिवणाऱ्या बाईने करायची ही चूक नव्हे, पण केली. मग सगळं उसवलं, नवं कापड रात्रभर भिजवलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर बटणांच्या खुणा केल्या. आता कुठलाही महिना कुठल्याही जागी बसतो. कापडाचं बरं आहे, चुकलं की उसवता येतं.

दीपमाला या तुकड्यांना पट्टी म्हणते. "काकू, माघाची पट्टी झाली का?" मला तो शब्द नको वाटतो. मी तुकडाच म्हणते. का, ते पुढे कधी सांगेन, किंवा नाही सांगणार.

कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिही, सिलिंडरची तारीख लिही. जे लिहिता येत नाही त्याला नुसता ठिपका दे. मी तसंच करते.

तुझी
आई

ता.क. मोठेबाबा परवा महागावला तुझ्या सासरी जाऊन आले. कशाला, ते मी विचारलं नाही.

---

राळेगाव
दि. ५ एप्रिल २०२६

चि. अर्पिता हिस,

अनेक आशीर्वाद. तुझा फोटो मिळाला. मी भाकरी थापत होते, बाबांनी फोन समोर धरला. माझ्याच पत्राचा वरचा भाग, आणि "सौ." या अक्षरावर निळ्या पेनाची सरळ रेघ. एवढी सरळ की पट्टी लावून मारली असशील. बाबा म्हणाले, "हे काय पाठवलं बा?" मी म्हटलं, चूक सुधारून पाठवली. या वेळी ते अक्षर लिहिलेलं नाही, पाहून घे.

आणि खाली तुझी ती एक ओळ. "आई, एप्रिल लागला तरी तुझा चैत्र चालूच आहे. तुकडा बदलू कधी, एक तारखेला की पाडव्याला?" ही तुझी अडीच वर्षांतली पहिली ओळ. मी ती तीनदा वाचली आणि तव्यावरची भाकरी जळाली. बाबांनी तीच खाल्ली.

तुझं बरोबर आहे. पान इंग्रजी महिन्याचं आणि मी वर मराठी महिना शिवून बसले. कॅलेंडरमध्ये बघताना माझं बोट आधी तिथीवर जातं, तारीख नंतर, त्याचा हा परिणाम. तू अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी बदल. पानाचं पान पाहील.

पण तुझ्या त्या ओळीमुळे मी पुढची पानं चाळली आणि पंचाईत कळली. औंदा ज्येष्ठ दोन आहेत. सतरा मेपासून अधिक ज्येष्ठ, आणि तो संपला की खरा. म्हणजे बारा तुकड्यांनी वर्ष भागत नाही, तेरा लागतात. धोंड्याचा महिना मी विसरले कशी, याचं मला नवल वाटलं. मग वाटलं, विसरले नसेन, टाळला असेल.

मी टाळला तरी मोठेबाबा विसरले नाहीत. पाडव्याच्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "सुनील, औंदा धोंडा हाये. जावयाले बोलवा लागते."

बाबा ताटाकडे पाहत राहिले. मी वाढता वाढता म्हटलं, "भाऊजी, पोरगी घरी येत नाही आन जावयाले कायले बोलावता?"

"पोट्टीबी येईल. तू पत्रं लिहून राह्यली ना तिले? मंग झालं तं. त्यायचं कोर्टात म्हणणं हाये का पोट्टीनं बिनाकारण घर सोडलं. रजतराव न्याले तयार हायेत. चार माणसायसमोर दोघायले पाटावर बसवू, वाण देऊ, मिटवून टाकू."

त्यावर मी काय केलं, हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण पत्रात मी फार धीट दिसते. मी त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढली आणि वर तूप घातलं.

मागच्या धोंड्यातही मी अशीच वाढत होते. तो २०२३च्या सहा ऑगस्टचा रविवार. तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, रजतरावांना कपडे. आणि संध्याकाळी तू त्यांच्या गाडीत मागे बसलीस. दिवाळी झाल्यावर तू महागावहून एकटी निघालीस आणि यवतमाळच्या पुढे आलीच नाहीस. राळेगावची बस तिथूनच सुटते, शेजारच्या फलाटावरून. तू ती का धरली नाहीस हे मी कुणाला विचारलेलं नाही. मला विचारायची गरज नाही.

त्या दिवसाबद्दल मला आणखी लिहायचं होतं. पण वैशाखाच्या आंब्याची दोन पानं भरायची राहिली आहेत आणि दीपमाला उद्या सकाळच्याच गाडीने जाणार आहे.

चैत्राची गुढी तुला पाडव्याला पोचली, आता वैशाख पाठवते आहे, आणि त्यासोबत खरा ज्येष्ठही. ज्येष्ठाला वटपौर्णिमेचा वड काढलाय. पारंब्या साखळी टाक्याने भरल्या, पानं काश्मिरी टाक्याने. दीपमाला उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "काकू, वडाले सूत गुंडाळाचं राह्यलं."

"राह्यलं नाही. नाहीच गुंडाळलं."

"काहून?"

"झाड हाये ते. मोकळं राहू दे."

ती हसली, पण तिने मग सुताची रीळ माझ्यासमोरून उचलून डब्यात ठेवून दिली. मधला अधिक महिना अजून कोराच आहे. त्यावर काय काढायचं ते मला कळत नाही.

तुझी
आई

---

राळेगाव
दि. २४ मे २०२६, रविवार

प्रिय अर्पू,

माझी तब्येत ठणठणीत आहे. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या आणि विहिरीवरून पाणी आणलं. हे आधी लिहिते, कारण तुला दुसरीकडून काही वेगळं कळवलं जाईल. विश्वास ठेवू नकोस.

परवा, शुक्रवारी, मोठेबाबा यवतमाळहून आले. हातात मोठी पिशवी. बैठकीत बसून त्यांनी त्यातून कोळशाच्या रंगाचा पँटपीस आणि पांढरा शर्टपीस काढला आणि माझ्या हातात दिला. "रजतरावासाठी. एकतीस तारखेले येऊन राह्यले ते. पौर्णिमा हाये, दिवस चांगला हाये." मग खिशातला पेन काढून माझ्यासमोर ठेवला. "आता पोट्टीले पत्र लिव्ह. मायची तब्येत बरी नाही म्हणा. मायचं नाव काढलं का पोट्टी धावत येते."

मी म्हटलं, "आन जावई येऊन राह्यले ते?"

"ते कायले लिहाचं? आली म्हंजे दिसंल तिले."

बाबा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी वही घेतली आणि "चि. अर्पिता" एवढं लिहिलं. समोर भिंतीवर आपलं कॅलेंडर होतं. वरची चौकट रिकामी होती, कारण अधिक महिना लागून पाच दिवस झाले होते आणि माझ्याकडे त्याचा तुकडा नव्हता. चार बटणं नुसती चमकत होती. तिथे पाहत बसले आणि जे तीन वर्षं लिहायचं टाळत होते ते डोक्यात सरळ ओळीने आलं. तेच आता लिहिते. वाचवेल तेवढं वाच.

२०२३च्या फेब्रुवारीत तुझा फोन आला. "आई, एकादशी कधी आहे गं?" मी कॅलेंडर पाहिलं आणि सांगितलं. तू बरं म्हणालीस, जरा थांबलीस आणि फोन ठेवलास. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बाबा खूश झाले, पोरगी सासरी जाऊन देवधर्माला लागली म्हणून. मोठेबाबांनी तर चार लोकांत सांगितलं. पण तू उपास कधी करत नव्हतीस. वसतिगृहात असताना एकादशीलाच अंडी खाऊन आलीस आणि मला मुद्दाम सांगितलंस.

मार्चमध्ये मी तुझ्याकडे सत्यनारायणाला आले होते. तुमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला कॅलेंडर होतं. तू जिथे उभी राहून फोन करायचीस तिथून हातभर अंतरावर. एकादशीला गोल केलेला होता, तुझ्या सासूच्या हातचा. त्या आठवड्यात पुन्हा फोन आला आणि मला कळलं. तुझ्या बाजूला कोणीतरी उभं असतं, तुला दुसरं काही विचारता येत नाही, आणि तू मला तिथी विचारत नाहीस. तू मला "घ्यायला ये" म्हणतेस.

मला कळलं, अर्पू. उशिरा नाही कळलं, तिसऱ्या फोनलाच कळलं. फोन ठेवला की मी कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने ठिपका द्यायची. जुलै संपेपर्यंत अकरा ठिपके झाले. अकराही वेळा मी तुला फक्त तिथी सांगितली. तिथी एकदाही चुकली नाही.

मग तू स्वतःच आलीस, एक बॅग घेऊन. आठ दिवस माझ्याजवळ बसून अनारसे थापलेस. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आणि मोठेबाबांनी जावयाला धोंड्याचं बोलावणं धाडलं.

त्या रविवारी सकाळी तू निरांजनाचं ताट उचललंस आणि तुझी बाही वर सरकली. कोपराच्या वर चार बोटं उमटली होती. काळीनिळी. मागून मोठी आई, माझी जाऊ, येत होती. मी काय केलं ते तुला माहीत आहे, तरी मला माझ्या हाताने लिहू दे. मी तुझी बाही खाली ओढली. ती पुरली नाही, म्हणून तुला आतल्या खोलीत नेलं, ब्लाउज उतरवायला लावला आणि साडीच्या उरलेल्या काठाची चार बोटं रुंद पट्टी त्या बाहीला जोडली. मशीनवर दहा मिनिटं लागली. एकाच बाहीला जोडली तर कोणाच्या डोळ्यांत येईल, म्हणून दुसऱ्या बाहीलाही जोडली. एवढं मला सुचलं.

बाहेर बायका म्हणाल्या, पट्टी किती छान दिसते. मला फार बरं वाटलं. 

ब्लाउज परत घालताना तू मला बाराव्यांदा विचारलंस. फोनवर नाही, समोरासमोर, माझ्या डोळ्यांत पाहून. "आई, एकादशी कधी आहे?" आणि मी तुझ्या पाठीचे हूक लावता लावता म्हणाले, "शनिवारी."

त्यानंतर तू मला कधी तिथी विचारली नाहीस.

तर परवा हे सगळं आठवून मी वही मिटली. पँटपीस उचलला, जमिनीवर पसरला आणि मशीनच्या खणातली मोठी कात्री काढली. मोठेबाबा म्हणाले, "काय करून राह्यली?"

"अधिक महिन्याची पट्टी राह्यली होती, भाऊजी. जाड कापड पाहिजे होतं."

"ते जावयाचं कापड हाये."

"म्हणूनच."

कापड मोठं होतं, एका हाताने ताणलं जाईना. तेवढ्यात बाबा दारातून आत आले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. तीस वर्षांत त्यांनी माझ्या शिवणाला हात लावलेला नाही, बटण तुटलं तरी शर्ट खुंटीवर ठेवून देतात. थोरल्या भावासमोर त्यांनी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. या वेळीही केली नाही, कापडाकडेच पाहत होते. म्हणाले, "सरळ काप. वाकडं नको जाऊ देऊ."

मी सरळ कापलं.

दीपमाला दारातच होती, तिला राहवलं नाही. "काकू, ही तेरवी पट्टी ना?" तिला तेरावी म्हणायचं होतं, पण आपल्याकडे तोंडात तेरवीच येतं. मोठेबाबा उठून उभे राहिले. "तेरवी? भरल्या घरात तेरवी कोणाची करून राह्यल्या तुम्ही?"

आता चूक सुधारायची होती. मी सुधारली नाही. मी म्हटलं, "जावयाच्या मानाची, भाऊजी. माणूस मेल्यावर तेरवी लवकर उरकून घ्यावी. आपल्याले तीन वर्षं उशीर झाला."

 मोठेबाबांनी चपला घातल्या आणि ते घराच्या त्यांच्या भागात निघून गेले. मधलं दार त्यांच्या बाजूने बंद झालं, ते अजून बंद आहे. या घरचं पाणी पिणार नाही असा निरोप मोठ्या आईने खिडकीतून दिला. विहीर दोघांची एकच आहे, तेव्हा कुठलं पाणी पितात ते त्यांचं त्यांनी पाहावं.

मग मी रजतरावांना स्वतः फोन लावला. म्हटलं, "जावईबापू, एकतीस तारखेले येऊ नका."

ते म्हणाले, "आई, मोठ्याबाबांनी निमंत्रण दिलंय. आम्ही लोकांना सांगून बसलोय."

"त्यायनं दिलं, मी मागं घेतलं. धोंडे रांधणारी मी आहो."

"असं चालत नाही आई. समाज काय म्हणेल?"

"समाजाले मी जेवाले बोलावलं नाही."

फोन ठेवल्यावर सुईत दोरा चौथ्या खेपेला गेला, हेही लिहिते, म्हणजे तुला वाटू नये की आई एका दिवसात वाघीण झाली. पण गेला.

तेरावी पट्टी सोबत आहे. पट्टीच म्हणते आता. तो शब्द मी तुझ्या बाहीला लावला होता, तो तिथून उसवून इथे घेतला. वड नाही, फूल नाही, काही चित्र नाही. कोळशाच्या रंगाच्या कापडावर लाल दोऱ्याने बारा गाठी टाके घातलेत. अकरा फोनचे, एक आतल्या खोलीतला. ज्याला दिसेल त्याला दिसू दे. कोणी विचारलं तर सांग, नाही तर सांगू नकोस. तेराव्या गाठीची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.

पिशवीत खाली गुंडाळी आहे, ती नीट उघड. ते २०२३चं कॅलेंडर आहे, ठिपक्यांसकट. ते तुझ्या वकिलांना दे. सासरचे म्हणतात ना, पोरीने बिनाकारण घर सोडलं, तर त्या अकरा तारखांना माझ्या फोनवर तुझा फोन आलेला आहे की नाही ते वकिलांनी काढावं. आणि साक्षीला मला बोलवा. मी कोर्टात उभी राहीन आणि सगळं सांगेन. बाहीचंही सांगेन, पट्टी मीच शिवली हेही सांगेन. लोक मला काय म्हणतील ते म्हणोत. बाबा म्हणाले, गुडघा दुखतो तरी सोबत येईन.

तांदूळ भिजत घातले आहेत. तेहतीस अनारसे होतील. लेकीला वाण देत नाहीत, जावयालाच देतात, असं शेजारच्या बाईने मला शास्त्र समजावलं. मी म्हटलं, शास्त्र मला अकरा वेळा फोनवर पाठ झालंय, आता मला सांगू नका. एकतीस तारखेला पाटावर बसायला लेक असेल तर लेकीला ओवाळीन. नसेल तर पाट रिकामा राहील. पण त्या पाटावर दुसरं कोणी बसणार नाही.

तुला ये म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही. तू बारा वेळा सरळ विचारलंस आणि मी बारा वेळा तिथी सांगितली, म्हणून मी ये असं लिहीत नाही. पण तेरावी गाठ माझी आहे. कॅलेंडर माझ्यासमोरच आहे, हातभर अंतरावर, तुझं होतं तसं. मला सगळ्या तिथी दिसतात. तरी तुला विचारते.

अर्पू, एकादशी कधी आहे गं?

तुझी
आई